बायोडाटातला हात

माझ्या भावाचं लग्न मी इंग्रजीतून मोडत आणलं होतं. (मराठीतूनही जमलं असतं, पण बायोडाटा इंग्रजीत होता.)

विलास शेंद्र्याला एका कारखान्यात मशीनवर आहे. घरी भाकरी थापतो, भांडी घासतो, माझ्या लेकीच्या वेण्यासुद्धा घालतो. त्याचे साहेब त्याला 'हँड्स-ऑन माणूस' म्हणतात. मला शब्द भारीच आवडला! बायोडाटात शेवटी ठोकून दिलं, 'विल बी हँड्स ऑन वाइफ.'

"अक्का, कुणाला तरी दाखव," विलास म्हणाला.

मी भडकले. "स्पोकन इंग्लिशचा क्लास तू केला का मी?"

पुंडलिकनगरला मुलगी बघायला गेलो. प्रज्ञा तिचं नाव. विलासला इतकी आवडली की तो पोहे खायचं विसरला (हे आयुष्यात पहिल्यांदा!). जयभीम झाला, चहा आला आणि तिच्या मामांनी चष्मा चढवून बायोडाटा काढला.

"हँड्स म्हंजे हात. ऑन म्हंजे वर. वाइफ म्हंजे आमची पोरगी. बायकोवर हात टाकणार, हे लेखी दिलंय व्हय तुम्ही?"

"इंग्रजी येत नाय तर वाचता कशाला?" मी कडाडले.

"येतं म्हणूनच घाबरलो, बाई!"

विलास मला कोपरानं ढोसत होता. त्यानं तर माझं डोकं आणखीच फिरलं. आमच्या घरावर असला आळ!

"आमच्यात आजवर कुणी कुणावर हात उचलला नाय!" असं ओरडत मी हात उचलला. तो ट्रेला लागला आणि सगळा चहा मामांच्या पांढऱ्या शर्टावर!

"उठा! निघा इथनं!" मामा गरजले.

विलास उठला, पण स्वयंपाकघरात गेला. फडकं आणलं, मामांचा शर्ट टिपला, कपाच्या काचा वेचल्या, फरशी पुसली आणि हळूच विचारलं, "चहा परत ठेवू का?"

प्रज्ञाला हसू आवरेना. "मामा, याला म्हणतात हँड्स-ऑन. स्वतः कामाला हात लावणारा. ते कामाबद्दल लिहायचं असतं, बायकोबद्दल नाय." मग माझ्याकडे वळली. "मला पसंत आहेत हे. अट एकच. नणंदबाईंनी कायम हँड्स-ऑफ राहायचं."

एवढा मान! माझा राग क्षणात पळाला. "यस, यस! शंभर टक्के!" मी सगळ्यांसमोर वचन दिलं.

हँड्स-ऑफ म्हणजे त्यांच्या संसारात लुडबुड करायची नाही, हा अर्थ विलासनं घरी आल्यावर सांगितला. लग्नाला दोन वर्षं झाली, मी अजून संतापलेली आहे!