हात खाली

आमच्या मामीच्या नजरेतून आजवर एकही पुटकुळी सुटलेली नाही. कुरखेड्यातली सुटली नाही, देसाईगंजच्या एस.टी.तली सुटली नाही आणि बोहल्यावर पावडरच्या थरांखाली दडून बसलेली तर मुळीच नाही. माणूस भेटलं की लोक त्याचे डोळे पाहतात, कपडे पाहतात. मामी हनुवटीपासून सुरुवात करते, दोन्ही गाल बघून कपाळावर जाते आणि मग केव्हा आलास म्हणून विचारते. फोड दिसला तर तिला राग येत नाही, उलट मायेचा उमाळा येतो. राग येतो तो फोडाकडे निघालेल्या बोटाचा. बोट जरा वर सरकलं की मामीचा आवाज आलाच, "हात खाली." या आवाजात अशी काही जरब आहे की एकदा तहसील कचेरीत सहीसाठी पेन उचललेल्या साहेबांनी ते मुकाट्यानं खाली ठेवलं. मामी बोलली होती ती त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईला.

एस.टी.तला प्रसंग तर मी स्वतः पाहिला आहे. पुढच्या सीटवर कॉलेजातला एक पोरगा मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहून गालावरचा फोड पिळत होता. मामीनं छत्रीचा दांडा त्याच्या मनगटावर हाणला. पोरगा उसळून मागे वळला, तर मामी शांतपणे म्हणाली, "फोड चार दिवसाचा पाहुना असते बाबू. तू त्याले मारशीन, तर तो घर बांधून राहीन." आरमोरी येईपर्यंत तो पोरगा मामीशेजारी येऊन बसला होता आणि अख्खी गाडी कान देऊन ऐकत होती. तोंड साध्या साबणानं दोनदा धुवायचं, पण भांडं घासल्यासारखं घासायचं नाही. टूथपेस्ट दातांना, लिंबू वरणाला आणि मोहाच्या बियांचं टोळीचं तेल दिव्याला, यातलं काहीही गालाला नाही. कंडक्टरनंही तिकिटं फाडायची थांबवून आपल्या बहिणीचं विचारून घेतलं.

ही विद्या मामीनं दोन्ही लेकींच्या वेळी मिळवली होती, चंद्रपूरच्या चामडीच्या डॉक्टरबाईंना प्रश्न विचारून विचारून. तिचा उभा दावा होता तो गोरं करणाऱ्या ट्यूबशी. गावातल्या पोरी चिठ्ठीशिवाय ती आणत, एकमेकींना देत आणि मग तोंड लालभडक करून बसत. मामीचं म्हणणं असं की आठ दिवसांत तोंड गुळगुळीत करणारं औषध आणि आठ दिवसांत पैसे दुप्पट करणारा माणूस, दोघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवावं. आपल्या चेहऱ्याबद्दल मात्र ती चकार शब्द काढत नसे. डोक्यावरचा पदर कायम डाव्या गालावर ओढलेला असायचा. फोटो काढायचा म्हटलं की ती उजवीकडून उभी राहायची. मामा तिला नाण्यावरची राणी म्हणून चिडवायचे, आणि आम्हीही हसत होतो.

मग माझी पूर्वा अकरावीत गेली आणि आमच्या घरात आरशाशी वैर सुरू झालं. कोरोना सरून वर्षं झाली होती, पण पोरीच्या तोंडावरचा मास्क उतरेना. हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं मोठमोठे ठणकणारे फोड. तिनं क्लास सोडला, मैत्रिणींकडे जाणं सोडलं. आम्ही नवराबायको वयाचा दोष आहे, जाईल आपोआप, असं एकमेकांना सांगत होतो. मामीच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती चारोळीची पिशवी घेऊन चंद्रपूरला हजर. तिनं पूर्वाचा मास्क स्वतःच्या हातानं उतरवला, नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "बाबू, हे जाईन. पन आपोआप गेलं तं खड्डे करून जाईन."

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरबाईंकडे. त्यांनीही तेच सांगितलं. वेळेवर आलात, अजून खड्डे पडलेले नाहीत. गोळ्या आणि मलम नेमानं, उन्हात जाताना क्रीम, फोडाला हात नाही आणि दीड-दोन महिने धीर. धीराचं औषध दुकानात मिळत नव्हतं, म्हणून मामीच आमच्याकडे राहिली. सुरुवातीला कातडी कोरडी पडून सोलली, फोड वाढल्यासारखे वाटले आणि पूर्वानं मलम कचऱ्यात टाकलं. मामीनं ते उचलून आणलं, डॉक्टरबाईंना फोन लावला आणि मलम रोज लावायचं की एक दिवसाआड, ते विचारून घेतलं. उशीच्या निळ्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले तेव्हा माझी बायको घाबरली. मलमानं कापडाचा रंग उडतो, पांढरे अभ्रे वापरा, असं कळलं. मामीनं मात्र तो डागाळलेला अभ्रा औषधाच्या ताकदीचा पुरावा म्हणून कुरखेड्याला नेला आणि मोहल्लाभर फिरवला.

फोड बसू लागले होते, पण पूर्वाचा विश्वास बसत नव्हता. अशातच मामीच्या पुतण्याचं लग्न निघालं आणि पूर्वा मास्कसकट का होईना, यायला तयार झाली. आमच्याकडे हळद नवरदेवापुरती राहत नाही. टोळीच्या तेलात कालवलेली उरलीसुरली हळद दिसेल त्याच्या तोंडाला फासतात. पूर्वाचा मास्क बायकांनी पहिल्याच फेरीत ओढून काढला. मग काय विचारता! मामी हातात सूप घेऊन तिच्यापुढे उभी राहिली आणि येईल तो हळदीचा हात सुपावर झेलू लागली. सुपाची पाठ पिवळीजर्द झाली. ही बाई शुभकार्यात बिब्बा घालते, म्हणून बायका कुरकुरल्या.

बिब्बा खरोखरचा आला तो मामीच्या थोरल्या जाऊबाईंकडून. म्हातारी अतिशय मायाळू. तिनं पूर्वाची हनुवटी धरून पाहिली, बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरली आणि म्हणाली, "पायाच्या भेगेले चालते, काट्याले चालते, मंग फोडाले काऊन नाई? एक एक टिपका देतो, बसून जाते." जंगलात हयात गेलेल्या माणसाला यात वावगं काही दिसणार नव्हतं. आणि पूर्वा, औषधांना कंटाळलेली माझी पोर, चक्क तोंड पुढे करून म्हणाली, "लावा आजी."

मामी आता गरजणार असं वाटलं. पण ती ‘हात खाली’ म्हणाली नाही. तिनं सूप खाली ठेवलं आणि डाव्या गालावरचा पदर मागे सारला. इतक्या वर्षांत तो गाल आम्ही कुणीच धड पाहिला नव्हता. कानाच्या पाळीपासून ओठापर्यंत काळपट, आवळलेली कातडी आणि मधे खड्डे.

"पाह्य पूर्वे, नीट पाह्य," मामी म्हणाली. "लग्नाच्या आधी माह्या मावशीनं असाच लावला होता. मायेनंच लावला. बिब्बा उतला, गाल जळला. फोड गेला, पन हे गेलं नाई."

जाऊबाईंनी सुई दिव्याजवळ ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. पूर्वा उठली, जमिनीवरचं सूप उचललं आणि मामीशेजारी उभी राहिली. त्या दिवशी तिनं मास्क पुन्हा घातला नाही.

संक्रांतीनंतर शेवटचं दाखवायला गेलो. पूर्वाच्या हनुवटीवर एकही खड्डा नव्हता, थोडे लालसर डाग होते, तेही विरतील म्हणाल्या डॉक्टरबाई. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. मामीनं अख्ख्या दवाखान्याला चारोळी वाटली. त्या लग्नापासून पोरींना बजावताना ती पदर मागे सारू लागली होती. जाता जाता डॉक्टरबाईंचं लक्ष तिच्या उघड्या गालाकडे गेलं. त्या म्हणाल्या की पूर्ण जाणार नाही, पण तुमचंही थोडं कमी करता येईल.

"राहू द्या," मामी म्हणाली. "हे पाहूनच पोरी माह्यं आयकतेत."

आम्ही सारे हसलो. तिला कुरखेड्याला सोडायला मीच गाडी घेऊन निघालो. मूल गाव मागे पडलं, जंगल लागलं, खिडकीतून वारा येत होता. मी आरशात पाहिलं तर मागे पूर्वाशेजारी बसलेल्या मामीचा पदर सरकला होता आणि तिचं बोट डाव्या गालावरून हळूहळू फिरत होतं. ‘हात खाली’ म्हणायची उभ्या जन्मात पहिल्यांदाच मला संधी आली होती. मी गाडीचा वेग कमी केला. पूर्वानंही पाहिलं होतं. तिनं मामीचा हात गालावरून काढला नाही, आपला हात त्यावर ठेवला.

खिडकीबाहेर पाहत मामीनं विचारलं, "पूर्वे, थोडं कमी म्हनजे किती वो कमी होत असन?"