नाव झाकलेला चार्ट

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या आहेत. ही मात्र कालपरवाची वाटते. तेव्हा मी बोईसर भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो.

घिवली या किनाऱ्यावरच्या गावातल्या एक बाई एका सकाळी ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या, बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या. शेअरचे चार्ट वाचायला शिकवणाऱ्या एका क्लासमास्तराविरुद्ध त्यांची तक्रार होती. त्याने मोबाईलच्या ग्रुपवर एक शेअर घ्यायला सांगितला. होडीच्या नव्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे बाईंनी त्यात घातले, आणि चार दिवसांत शेअर कोसळला.

मी म्हणालो, "ताई, बाजार वर-खाली होणारच. यात गुन्हा कुठला?"

त्या उठल्या नाहीत. पिशवीतून एक वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "त्यानंच शिकवलेलं हाय, साहेब. वाचा."

वहीत नेटक्या अक्षरात लिहिले होते : शेअर महिनोन्‌महिने ज्या भावाला अडून परततो, तो भाव ओलांडला की ब्रेकआउट. पण त्या भावाच्या वर बाजार बंद होईपर्यंत थांबायचे. उलाढालही नेहमीपेक्षा बरीच जास्त हवी. नाहीतर ब्रेकआउट फसवा.

"आनि त्या दिवशी सकाळीच मेसेज टाकला, बंद व्हायची वाट बघू नका, लगेच घ्या," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं मासळीच्या लिलावात कदी कदी घरचीच मानसं बोली चढवतात. तवा आमी पयलं इचारतो, माल कोनाचा हाय?"

मी ताठ बसलो. हा शेअर आधीच कुणाकडे होता, हे मी विचारलेच नव्हते. तक्रार नोंदवून घेतली आणि शेअर दलालांकडून त्या दिवसाचे व्यवहार मागवले. मास्तराची पत्नी आणि मेव्हणा यांच्या डिमॅट खात्यांत तो शेअर आधीच साठवलेला होता. त्या सकाळी आणखी थोडी खरेदी करून त्यांनी भाव वर ढकलला होता. मेसेज गेल्यावर ग्रुपमधले लोक घेत सुटले, तेव्हा या दोघांनी सगळा विकून टाकला.

नोटीस देऊन मास्तराला बोलावले. इस्त्रीचा शर्ट, शांत चेहरा. "घरच्यांचे व्यवहार मला माहीत नाहीत, साहेब. चार्टवर ब्रेकआउट दिसला, मी सांगितला. अंदाज चुकतो कधी कधी."

दोन तास हेच उत्तर. चौकशीत खोटे बोलणारा माणूस सावध असतो. पण आपली विद्या दाखवायची संधी मिळाली की तो सैल होतो, हा माझा अनुभव. मी एक चार्ट त्याच्यापुढे ठेवला. नाव, तारीख, भावाचे आकडे काढून टाकलेले; फक्त घड्याळाची वेळ आणि उलाढालीच्या रेघा ठेवलेल्या.

"मला यातलं कळत नाही. हा शेअर घ्यावा का?"

त्याने पेन उचलले. "छे! बाजार अजून बंद व्हायचाय. अडलेला भाव जेमतेम ओलांडलाय, उलाढाल तर नाहीच. कुणीतरी मुद्दाम ढकललेला दिसतो. हात लावू नका."

"विद्यार्थ्यांना सांगितला असता?"

"कधीच नाही."

मी दुसरा कागद सरकवला. तोच चार्ट, त्याने मेसेज टाकला त्या मिनिटापर्यंतचा, नावासह. त्याने पेन खाली ठेवले आणि पाणी मागितले. मग बोलू लागला. सुरुवातीला तो मनापासून शिकवत होता. स्वतःच्या सौद्यांत बुडाला आणि भरपाईसाठी त्याला विद्यार्थी दिसले.

मोबाईल पंचनामा करून जप्त केले, अटक झाली. वाणगावपासून पालघरपर्यंतचे आणखी तक्रारदार पुढे आले. आरोपपत्र दाखल झाले. मी निवृत्त झालो तेव्हा खटला सुरूच होता.

पैसे कधी मिळतील सांगता येत नाही, असे मी बाईंना स्पष्ट सांगितले.  त्या म्हणाल्या, "मला त्या दिवशी समजत व्हतं, साहेब. पन त्याला माझ्यापेक्षा जास्त समजतं, असं वाटलं."

फसलेला माणूस अडाणी असतो, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. म्हणूनच बाईंना पहिल्या दिवशी परत पाठवायला निघालो होतो. त्यानंतर कुणीही तक्रार घेऊन आले की मी एक प्रश्न आधी विचारू लागलो : "तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं?" बहुतेकांना खरे आधीच दिसलेले असायचे. त्यांना ते कुणी विचारलेले नसायचे.