जावईबापूंचा घोडा

स्क्रीनवर घोडा दौडत होता आणि विंडोजचा सेटअप जागच्या जागी उभा होता.

हे चोपड्याला, एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात. मी तेव्हा जळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं घ्यायचो. मालक नाना. त्यांनी बिलिंगचा नवा प्रोग्राम घेतला होता आणि तो विंडोज ९५ वर चालायला तयार नव्हता, त्याला ९८ हवी होती. म्हणजे आधी ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची, मग तो टाकायचा. नव्या प्रोग्रामचं पहिलं बिल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर काढायचं नानांनी ठरवलं होतं. सण तोंडावर आल्यावर मला बोलावलं होतं, म्हणजे नेहमीप्रमाणे वेळेवर.

घोडा आला होता धुळ्याहून. नानांचे जावई तिथे कॉम्प्युटर क्लास चालवायचे. मागच्या दिवाळीला ते आले आणि सासऱ्यांच्या मशीनवर डेस्कटॉप सजवायचं एक सॉफ्टवेअर टाकून गेले. मशीन कामात असलं की दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाच्या जागी त्यानं दौडता घोडा बसवला. प्रिंटर बंद पडला की हा घोडा खिंकाळायचा. मागे परदेशातला धबधबा. रिसायकल बिन, म्हणजे कचऱ्याची टोपली, हिला त्यांनी फुलांच्या परडीचं रूप दिलं होतं. एवढी सुंदर परडी बघून ऑफिसातली मंडळी महत्त्वाच्या फाईली नेमक्या तिच्यात जपून ठेवत. त्या वाचल्या, कारण परडी रिकामी कशी करतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

अपग्रेडच्या आधी असली सॉफ्टवेअरं काढायची असतात. मी तसं सांगितलं.

नाना म्हणाले, "जावईबापूनी टाकेल शे ते. आखाजीले येतीन तवय काय सांगू त्यास्ले?"

झालं. मी घोड्यासकट सेटअप सुरू केला. शहाण्या माणसानं हे करू नये, पण समोर गिऱ्हाईक बसलं होतं. अपेक्षेप्रमाणे सेटअप मध्येच अडकला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर काळा पडदा आणि त्यावर एकटा घोडा. ना आयकॉन, ना मेनू.

कारण साधं होतं. विंडोज सुरू होताना एका फाईलमधली एक ओळ वाचते. डेस्कटॉप कोण उभा करणार, त्याचं नाव त्या ओळीत असतं. त्याला शेल म्हणतात. जावईबापूंच्या सॉफ्टवेअरनं तिथे मूळ नाव खोडून स्वतःचं घातलं होतं. आता अर्धवट सेटअपमुळे त्याच्याच्यानं काही उभं राहत नव्हतं आणि विंडोज दुसऱ्या कुणाला विचारत नव्हती. डॉसमध्ये जाऊन ती ओळ पूर्ववत करायची आणि मग सॉफ्टवेअर काढायचं, एवढंच काम. पण नाना माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि परवानगी देत नव्हते.

बाहेर दिल्लीला जाणारे ट्रक भरून उभे होते. कापलेले घड, वर खानदेशातलं ऊन. ट्रकसोबत मालाचा कागद जातो, बिल्टी. ती कॉम्प्युटरवरच निघायची. हातानं लिहायची पुस्तकं कॉम्प्युटर आला त्याच आठवड्यात नानांनी मोठ्या अभिमानानं रद्दीत घातली होती. ड्रायव्हर आलटून पालटून दारात येत आणि स्क्रीनवरचा घोडा बघून परत जात.

शेवटी मी म्हटलं, जावयांनाच विचारा. नानांनी धुळ्याला फोन लावला. जावयाशी बोलताना त्यांची भाषा एकदम शाळेतल्या भाषणासारखी व्हायची. प्रकृती विचारली, ऊन किती आहे ते विचारलं, आखाजीला लवकर येण्याचा आग्रह केला आणि फोन ठेवला. घोड्याचा घ सुद्धा निघाला नाही. मला त्या क्षणी बॅग उचलून जळगावची एसटी पकडावीशी वाटली.

घर ऑफिसच्या मागेच होतं. ड्रायव्हरांचा आरडाओरडा ऐकून नानांच्या पत्नी, अक्का, पुढे आल्या. काय झालंय ते ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "माल पिकी जाई तवय दिल्लीवालास्ले काय सांगशात? मी लावस फोन."

त्यांनी थेट मुलीला विचारलं. मुलीनं नवऱ्याच्या हातात फोन दिला, अक्कांनी माझ्या.

"ते अजून आहे?" जावईबापू म्हणाले. "आमच्या क्लासमधून मी कधीच काढून टाकलं. मशीन सारखं हँग होतं त्यानं."

"मग इथलं का ठेवलंत?"

"नाना काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना घोडा आवडतो. काढला तर वाईट वाटेल."

मी हे शब्दन् शब्द नानांना सांगितलं. ते थोडा वेळ धोतराचा सोगा नीट करत राहिले. मग म्हणाले, "माले तं पहिल्या दिवसपासून तो आवडना नई."

मी ओळ बदलली, सॉफ्टवेअर काढलं, परडीतल्या फाईली बाहेर घेऊन बॅकअप घेतला आणि बिल्ट्या छापून ट्रक मोकळे केले. अपग्रेड त्यानंतर मुकाट्यानं पार पडलं. एका ट्रकातले आधीच कापून ठेवलेले घड मात्र तोवर रंग धरू लागले होते. ते दिल्ली गाठण्यासारखे राहिले नव्हते, चोपड्याच्या बाजारातच गेले. ज्या शेतकऱ्याचे ते घड होते, त्याला नानांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. एरवी सगळ्यांना सांगतात तसं, जावई कॉम्प्युटर क्लास चालवतात हे मात्र त्याला नक्की सांगितलं नसेल.

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, अपग्रेडच्या आधी बॅकअप घ्या, चालू प्रोग्राम बंद करा. मी त्याआधी एक प्रश्न विचारतो, हे मशीनवर टाकलं कुणी? काही गिऱ्हाइकं घाबरत घाबरत सांगतात की व्हायरस आलाय. मला फार बरं वाटतं. व्हायरस निमूट काढता येतो, त्याला सासुरवाडी नसते.