कॅमेऱ्यामागची आई

सकाळी ऑनलाइन कॉलेज आणि दुपारी घरूनच इंटर्नशिप, सगळं हॉलमधल्या एकाच खुर्चीत. आज मीटिंगमध्ये साहेब सांगत होते, "मोटिव्हेटेड राहा, कॅमेरा चालू ठेवा." तेवढ्यात स्क्रीनवर माझ्यामागून वाळलेल्या कपड्यांचा ढीग सरकताना दिसला. कपड्यांखाली आई होती. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबून, कंबरेत वाकून चालली होती. स्वतःच्याच घरात, चोरासारखी!

डोकंच फिरलं माझं. घरातल्या माणसांना लपवून कसलं डोंबलाचं मोटिव्हेशन टिकतं? पण साहेबांना तरी काय बोलू? असं वाकून जायला पहिल्या दिवशी मीच तिला शिकवलं होतं.

"आई, सरळ चाल ना!" माईक चालू असतानाच मी ओरडले.

आई दचकली आणि आणखी खाली वाकली.