धारच्या तळ्याकाठी सई बोलली

देवासला उतरले तेव्हा माताजीची टेकडी धुक्यावर अलगद तरंगत होती. मोठ्या आतड्याला सूज येण्याचा आजार जडल्यानंतरचा माझा हा पहिलाच प्रवास. पिशवीत गोळ्या होत्या, जुना तांदूळ होता. मामेभाऊ शेखरदादा न्यायला आला आणि थेट पोह्यांच्या गाडीपाशी थांबला.

"भिया, सेव और डालूँ?" गाडीवाल्याने विचारलं. दादाने मान डोलावली. मी केळं सोललं.

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या माहेरी, धारला निघालो. दादाची कॉलेजात जाणारी मुलगी, सई, माझ्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती. बाहेर गव्हाची कोवळी शेतं धूसर उन्हात पोहत होती.

जेवायला दाल-बाफले (कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले गोळे) होते. मी मऊ भात आणि ताजं दही मागितलं. कारण सांगताना चारचौघांत जीभ अडखळली, पण सांगितलं. सईने बाफला नुसताच कुस्करला होता.

"हिचं पण डायटिंग चालू आहे," वहिनी म्हणाली. "सूखून काटा झाली आहे पोरगी."

जेवणानंतर तळ्याकाठी गेले. शिंगाड्याच्या वेलींखाली पाणी जणू निजलं होतं. सई मागोमाग आली.

"आत्या, डायटिंग नाहीये. खाल्लं की मुरडा येतो. रक्त पण पडतं. किसी को बताना मत, प्लीज."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. रोज हळदीचं दूध घेते ना. नेटवर लिहिलंय."

"हळदीच्या भरवशावर राहू नकोस गं. आधी डॉक्टर. काय खायचं ते मग. मला सोसतं ते तुला सोसेलच असं नाही."

"आई ओरडेल."

"ओरडू दे. मी शेजारी बसते."

सईने सगळं सांगितलं, तेव्हा वहिनी ओरडली नाही. तिने सईचा हात धरला. मग म्हणाली, "उद्याच इंदौरला जाऊ."

तपासणीत माझाच आजार निघाला. औषधं सुरू झाली. मी मुक्काम वाढवला. वहिनी साल काढून दुधी शिजवायची, मुगाची खिचडी घोटायची. सई दोन घास खाऊन ताट सरकवायची. निघायच्या सकाळी मात्र तिने वाटी पुढे केली.

"अजून वाढ ना, आई."

वहिनीने वाढलं आणि पटकन चुलीकडे तोंड फिरवलं.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, "काय काय पाहिलंत?" धारचा किल्ला गाडीतूनच दिसला होता, मांडू तर राहूनच गेलं होतं.

"एका मुलीला पोटभर जेवताना पाहिलं," मी म्हणाले.