मिस डॉयलची ओटी

आई गेल्यापासून भेटायला येणारी माणसं तिच्या शहाणपणाबद्दल हळू आवाजात बोलतात. तिनं दौंडला एका साठीच्या कुमारिकेची डोहाळजेवणाची ओटी भरली होती, हे कुणीच काढत नाही. म्हणून मी लिहून ठेवतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी दौंडच्या लोको शेडमध्ये कारकून होतो. राहायला एक खोली, तीत आणखी तिघे (आणि ढेकूण). बायको, सुमन, कवठे येमाईला आईजवळ. रेल्वेचं क्वार्टर मिळालं तर आमचा संसार सुरू होणार होता, आणि क्वार्टरची शिफारस फोरमन डॉयलसाहेबांच्या हातात होती. साहेबांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी आयर्लंडहून आलेले. दर मार्चमध्ये त्यांच्या कुठल्याशा संताचा दिवस आला, की साहेब रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलचा आयर्लंडातला गुत्ता करून टाकत. बियर, मटणाचा स्ट्यू आणि गाणंबजावणं.

"जाधव, फॅमिली लेके आना," साहेब म्हणाले. फॅमिली डोळ्यांनी दिसली की क्वार्टर लवकर मिळेल, असा माझा हिशेब. सुमनबरोबर आईही आली. "साहेबिणीकडं रिकाम्या हातानं जाऊ व्हय?" म्हणत तिनं नारळ, तांदूळ आणि खण पिशवीत घातले होते. साहेब अविवाहित आहेत, घरात फक्त मोठी बहीण आहे, हे मी वाटेत परत परत सांगितलं.

हॉलमध्ये शिरलो, तर सगळं हिरवं. पताका हिरव्या, टोप्या हिरव्या. एक गार्ड व्हायोलिन वाजवत होता, ड्रायव्हरमंडळी लाकडी जमिनीवर पाय आपटत होती. मधोमध खुर्चीत साहेबांची बहीण, मिस डॉयल. भरल्या अंगाची, हिरवा झगा, केसांत पानं, पुढ्यात ताट, आणि भोवती गाणी म्हणणाऱ्या बायका.

"ही मान्सं फेसाचं, कपडं धुयाचं पानी पित्यात का रं?" आईनं विचारलं. मी बियर समजावून सांगेपर्यंत तिचं लक्ष मिस डॉयलकडे गेलं होतं.

"डोहाळजेवान हाय म्हणून सांगायचं न्हाई व्हय?"

"आई, त्यांचा सण आहे हा. सणाला ते हिरवंच घालतात."

"मला नगं शिकवू. हिरवं नेसलीया, पानं माळल्यात, कवतिकानं खातीया."

"त्या साठीच्या आहेत."

"दूध-अंडी खानारी मान्सं. व्हतं त्यांच्यात."

"अगं, त्यांचं लग्नही झालेलं नाही."

आईनं पिशवीतून नारळ काढला. "मग तर बिचारीची वटी कोन भरनार?" म्हणाली, आणि गेली.

(मी मदतीच्या आशेनं सुमनकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती.)

कुंकू लागलं. नारळ झग्याच्या ओच्यात पडला. मिस डॉयल खूश. "जाधव, ये क्या है?"

हिंदीत सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण साहेबांसमोर इंग्रजीच बोलायचं, असं मी ठरवून आलो होतो. पहिलं वाक्य अडखळत का होईना, जमलं: बाळ येणार असलं की आम्ही असं करतो. दुसरं वाक्य, माझ्या आईचा गैरसमज झाला आहे, हे मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात मिस डॉयलची नजर सुमनवर गेली. सुमनही हिरव्या साडीत! (तिची चांगली साडी ती एकच.) मिस डॉयलनी किंचाळून तिला मिठी मारली, व्हायोलिन दुप्पट वेगानं सुरू झालं आणि साहेब खुर्चीवर चढले.

"जाधव को बेबी होनेवाला है! पहला क्वार्टर जाधव का!"

"नो सर," मी म्हणालो. कुणीतरी माझ्या हातात ग्लास दिला.

"बघ," आई म्हणाली, "वटी भरली तर सायेब कसा खूश झाला."

पुढच्याच महिन्यात क्वार्टर मिळालं आणि छळ सुरू झाला. मिस डॉयल दर रविवारी सूप घेऊन यायच्या, सुमनच्या पोटाकडे बघायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. मी खरं सांगायला निघालो की सुमन म्हणायची, "सांगा की. आन् उद्यापासनं कुठं निजायचं, तेबी इचारून या." इकडे आई गावाहून निरोप धाडायची, "त्या बाईला काय झालं? पोरगा का पोरगी?"

शेवटी बाळ झालं, सुमनला, पण पुढचा मार्चही उलटून गेल्यावर. साहेब पाळण्याशी येऊन उभे राहिले. पेढा खात गंभीरपणे म्हणाले, "जाधव, इतना लेट?"

लेट आलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांकडून कारण लिहून घेणं, हे शेडमध्ये माझंच काम. गडबडीत त्यांचं नेहमीचं उत्तर माझ्या तोंडून गेलं, "नो सिग्नल, सर."

एका दमात आणि बिनचूक बोललेलं माझं हे पहिलंच इंग्रजी वाक्य, आणि नेमकं तेच सुमनला कळलं.