आबांच्या पोटातला जोड

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, आजपर्यंत एकही आजार झालेला नाही. डॉक्टरांना मात्र तसे भास होतात. असाच एक भास बारामतीत, मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत झाला. खडा सापडलाच नाही, पण पोटातल्या महाधमनीला फुगा आलेला दिसला. तो फुटला तर माणूस हाती लागत नाही, हे कळल्यावर आम्ही आबांना निरवांगीहून पुण्याला नेलं.

तिथं पोट न फाडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून कापड आणि तारेची नळी आत बसवली. नळी एकसंध नव्हती. वर खोड, खाली दोन पायांकडे जाणाऱ्या दोन फांद्या; एक फांदी खोडासोबतच आलेली, दुसरी आत गेल्यावर खोडात खुपसलेली.

"या जोडाला टाका नाही, चिकटवलेलंही नाही," डॉक्टर म्हणाले. "एकात एक घट्ट बसलंय, तारेच्या दाबावर. रक्ताचा प्रत्येक ठोका त्याला ओढतो. म्हणून दरवर्षी स्कॅन करायचाच."

आबांनी यातलं 'घट्ट बसलंय' एवढंच घरी आणलं.

पहिल्या वर्षीचा स्कॅन चांगला आला. दुसऱ्या वर्षी आबांनी जाहीर केलं, "मला दुखत न्हाय, खुपत न्हाय. मिशनीत कशाला झोपू?" भावाची ऊसतोड चालू होती, त्यामुळे त्यालाही हे वैद्यकीय मत लगेच पटलं. पळसदेवहून आलेल्या आत्यानं तर "स्कॅननं रगत आटतं," असं सांगून विज्ञानाचा निकालच लावला. मी बारामतीच्या कॉलेजात शिकवते, म्हणजे मला काय कळणार!

शेवटी मी फोनवर सहज म्हणाले, "आबा, माझे सासरे म्हणत होते, व्याही मशीनला घाबरतात."

"कोन घाबरतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच इस्त्रीचं धोतर नेसून आबा माझ्या दारात हजर. सासऱ्यांना बिचाऱ्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

स्कॅन बारामतीतच करून पुण्याला पाठवला आणि तिथल्या डॉक्टरांचा लगेच फोन आला, घेऊन या. खोडात खुपसलेली फांदी हळूहळू निसटत आली होती; जेमतेम टोक आत उरलं होतं. कापड शाबूत, तारही शाबूत. सुटत होता तो फक्त जोड.

"मंग तवाच आख्खी नळी का न्हाय बसवली?" आबांनी डॉक्टरांना दरडावलं.

"एवढी रुंद नळी जांघेतून वर कशी नेणार, आबा? शिवाय प्रत्येकाचं माप वेगळं."

"आन् सुटली आस्ती तर?"

"रक्त थेट फुग्यात गेलं असतं. तो फुटला असता, तर तुम्ही गावाहून तालुक्याला, इंदापूरपर्यंतही पोचला नसता."

ऑपरेशनला नेताना आबांनी माझं मनगट असं धरलं, की नर्सला ते सोडवावं लागलं.

डॉक्टरांनी पुन्हा जांघेतूनच एक लांब तुकडा नेऊन खोड आणि फांदी, दोन्हींत खोलवर बसवला. रक्त पुन्हा नळीतून नीट वाहू लागलं.

गावात आता इतिहास असा आहे: आबांना आतून जाणवलं होतं, घरचे नको म्हणत होते, तरी त्यांनीच हट्टानं स्कॅन करून घेतला. आत्या साक्षीला आहेच. यंदा स्कॅनला गेलो, तर बाहेर बसलेल्या एका घाबरलेल्या बाईंना ते समजावत होते, "हालायचं न्हाय, ताई. श्वास धरा म्हनलं की धरायचा. बाकी समदं मिशन करतं."

त्या बाई गुडघ्याच्या एक्स-रेसाठी आल्या होत्या.